निजसुखदुःखाचे विघ्न : ‘ईव्ह ऑनलाइन’मधील नवागत आणि रसिक

संगणकीय खेळांच्या साहित्यशास्त्रीय चर्चेला एस्पेन आर्सेथ यांच्या ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथाने दिशा दिली. नुसत्या वाचनाने जी पुढे सरकत नाही, जिच्यासाठी वाचकाला काही कृतीही करावी लागते, अशा संहितेला आर्सेथ यांनी ‘एर्गोडिक’ म्हटले. त्यानंतर खेळ हे कथन की नियमव्यवस्था, यावर पुष्कळ काथ्याकूट झाला. त्या धामधुमीत एक जुना प्रश्न बाजूला पडला. खेळणारा हा आस्वादक असतो काय? असल्यास कोणत्या क्षणी? ‘ईव्ह ऑनलाइन’ या विज्ञानकल्पित बहुखेळाडू खेळाचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील ‘सीसीपी’ या कंपनीने मे २००३ मध्ये हा खेळ खुला केला. चीनमधील स्वतंत्र आवृत्ती वगळता जगभरचे खेळाडू त्यात एकाच विश्वात वावरतात. समांतर प्रतींमध्ये त्यांची वाटणी होत नाही. म्हणून एकाने केलेली गोष्ट सर्वांच्या इतिहासात जमा होते. या विश्वाचे नाव ‘न्यू ईडन’. त्यात सात हजारांहून अधिक ताऱ्यांच्या प्रणाली आहेत. निर्मात्यांनी लिहिलेली पूर्वकथा अशी : मानवजात एका कृमिविवरातून या दूरच्या प्रदेशात आली, ते द्वार कोसळले, वसाहती एकाकी पडल्या, दीर्घ अंधारयुग आले आणि त्यातून पुढे अमार, काल्डारी, गॅलेन्टी व मिन्मातार अशा चार सत्ता उभ्या राहिल्या. द्वार कोसळण्याची कल्पना सोडली तर या कथेत वाङ्मयीनदृष्ट्या फारसे काही नाही. धर्मवेडे गुलामधारी, व्यापारी कंपन्यांचे राज्य, लोकशाहीवादी आणि बंड करून सुटलेले गुलाम हे सगळे साचे विज्ञानकथेच्या वाचकाला पाठ असतात. जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेला मराठी वाचक येथे वैज्ञानिक कल्पनेचा शोध घेऊ लागला, तर त्याची निराशाच होईल. या अवकाशात इंजिन बंद केले की यान पाण्यातल्या होडीसारखे हळूहळू थांबते. न्यूटनच्या पहिल्या नियमाला येथे प्रवेश नाही. विज्ञान येथे नेपथ्यापुरतेच आहे.

तरीही नवागताचा पहिला अनुभव विलक्षण असतो. त्याचा देह एका कुपीत बंद आहे आणि ती कुपी यानाच्या गाभ्यात आहे. यान फुटले तर कुपी उरते, कुपी फुटली तर दूरच्या स्थानकात दुसऱ्या देहात तो जागा होतो. स्थानकातून बाहेर पडताच तेजोमेघांनी रंगलेले आकाश पसरते आणि त्यात स्वतःचे यान एखाद्या ठिपक्यासारखे दिसते. काही करावे असा आदेश क्षणभर तरी कोणी देत नाही. नवागत नुसता पाहत राहतो.

हे ‘नुसते पाहणे’ फार टिकत नाही. पडद्याच्या कडेला एक कोष्टक असते. आसपासच्या वस्तूंची नावे, प्रकार आणि अंतरे त्यात ओळीने मांडलेली असतात. पहिल्याच काही दिवसांत नवागताची नजर आकाशावरून या कोष्टकाकडे वळते. जुने खेळाडू आकाश पाहतच नाहीत; त्यांच्या दृष्टीने समोरून येणारे यान म्हणजे कोष्टकातील एक नवी ओळ आणि तिच्यापुढचा घटत जाणारा आकडा. हा बदल सवयीने घडतो, असे सहज म्हटले जाईल. ते स्पष्टीकरण अपुरे आहे. प्रारंभी नवागताला मिळणारे यान फुकट असते आणि ते नष्ट झाले तर पुन्हा तसेच दुसरे मिळते. त्याला गमावण्यासारखे काहीच नसते. पुढे तो लघुग्रहांतून वेल्डस्पारसारखे खनिज काढतो, ते विकतो, त्यातून मोठे यान घेतो. ते यान फुटले की कायमचे जाते. काही कौशल्ये अंगी येण्यास तर खऱ्या घड्याळाने आठवडे लागतात. शिवाय खेळातले चलन खऱ्या पैशांनी मिळवण्याची अधिकृत वाट असल्यामुळे नष्ट झालेल्या प्रत्येक यानाची किंमत डॉलरमध्ये मांडता येते. (या चलनाची ‘आयएसके’ ही आद्याक्षरे आइसलँडच्या चलनाचीही आहेत. त्यावरून आइसलँडी सागांतील वैरकथांपर्यंत पोचण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.)

येथे अभिनवगुप्तांच्या रसविघ्नविचाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. रसप्रतीतीच्या सात विघ्नांपैकी एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणे. नाट्यगृहात हे विघ्न संगीत, मंडप, नटांची कुशलता अशा उपायांनी दूर केले जाते. ‘ईव्ह’ची रचना नेमकी उलट आहे. येथे विघ्न दूर केले जात नाही, तेच जोपासले जाते. खेळाडूला निजसुखदुःखाने विवश करणे हाच या खेळाचा प्राण आहे. ज्याच्यापाशी काही नाही तो नवागत तेवढा या विवशतेपासून मुक्त असतो. त्याच्या प्रथमदर्शनाकडे अडाण्याचे कुतूहल म्हणून पाहण्याचे कारण नाही. खेळाच्या आत प्रेक्षकाला मिळणारी ती जवळजवळ एकमेव जागा आहे.

‘भूमिकाधारी खेळ’ हे नावही येथे तपासून पाहावे लागते. नाट्यात अनुकार्य राम वेगळा, त्याची भूमिका करणारा नट वेगळा आणि सामाजिक वेगळा. नट हे रसास्वादाचे साधन, म्हणूनच त्याला ‘पात्र’ म्हणायचे, असे अभिनवगुप्त सांगतात. पात्राला मद्याची चव नसते. ‘ईव्ह’मध्ये या तिन्ही जागा एकाच व्यक्तीत कोसळतात. वैमानिकाचे नाव कल्पित, यान कल्पित, पण फसवला गेलेला माणूस खरा. व्यापाराचे मोठे केंद्र असलेल्या जिटा या प्रणालीत शिरताच नवागताच्या पडद्यावर ‘पैसे पाठवा, दुप्पट करून देतो’ अशा संदेशांचा पाऊस पडतो. खेळाचे नियम अशी फसवणूक निषिद्ध मानत नाहीत. सुरक्षित म्हणवणाऱ्या प्रदेशांतही ‘कॉन्कॉर्ड’ हे पोलीसदल हल्लेखोराला शासन करते, पण हल्ला रोखत नाही. नवागताला या विश्वात भेटणारे पहिले जिवंत गद्य म्हणजे हे ठकसंदेश. निर्मात्यांच्या पूर्वकथेपेक्षा त्यांत वाक्चातुर्य अधिक असते, हेही मान्य केले पाहिजे.

या विश्वातील खरी आख्याने विश्वासघाताची आहेत. २००५ मध्ये ‘गायडिंग हँड सोशल क्लब’ या भाडोत्री गटाने एका प्रतिस्पर्धी संघटनेत आपली माणसे घुसवली. अनेक महिने त्यांनी इमाने सेवा केली, अधिकाराची पदे मिळवली आणि एके दिवशी कोठारे रिकामी करून संघटनेच्या प्रमुखाचे यान व कुपी दोन्ही फोडली. २००९ मध्ये ‘बँड ऑफ ब्रदर्स’ ही बलाढ्य आघाडी तिच्याच एका फितूर संचालकामुळे बरखास्त झाली. रणांगणावर शत्रूला जे साधले नव्हते ते अधिकारपदावरील एका माणसाने साधले. हे प्रसंग वाचताना वाचक रंगून जातो. अँड्र्यू ग्रोएन यांच्या ‘एम्पायर्स ऑफ ईव्ह’ (२०१६) या इतिहासग्रंथाचे यश याच्यातच आहे. परंतु हा रस खेळाचा नव्हे, ग्रंथाचा. ज्याची वर्षांची कमाई एका रात्रीत गेली त्याच्यापाशी शोक होता. तो करुणरसात परिणत झाला तो दुसऱ्या कोणी, दुसऱ्या माध्यमात, काही काळाने सांगितल्यावर.

बी-आर५आरबी या प्रणालीतील लढाई या दृष्टीने फार बोलकी आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी एका प्रदेशाच्या ताब्याचे देणे वेळेवर भरले गेले नाही, एवढ्या क्षुल्लक कारणावरून ती पेटली आणि सुमारे एकवीस तास चालली. साडेसात हजारांहून अधिक वैमानिक तिच्यात उतरले, ‘टायटन’ वर्गाची ७५ महायाने नष्ट झाली, हानीचा अंदाज तीन लाख डॉलरच्या घरात गेला. अशा गर्दीत संगणकावरचा भार असह्य होतो, म्हणून खेळातील काळ मुद्दाम मंद केला जातो, अगदी दहाव्या हिश्श्यापर्यंत. कादंबरीकार निर्णायक क्षण लांबवतो तो त्यातील अर्थ उलगडावा म्हणून. येथे तोच क्षण यंत्राच्या भाराने लांबतो. योद्धा बटण दाबतो आणि तोफ सुटण्याची वाट पाहत बसतो. वृत्तान्तात महाकाव्यासारखी भासणारी ही लढाई लढणाऱ्यांच्या वाट्याला बहुतांशी प्रतीक्षा म्हणून आली.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये हा खेळ आपल्या संग्रहात घेतला. मात्र दालनात तो प्रेक्षकांना खेळायला ठेवला गेला नाही. खेळाडूंच्या चित्रणांतून सिद्ध केलेली एक चित्रफीत दाखवण्यात आली. खेळ कला म्हणून मांडायचा, तर आधी प्रेक्षक निर्माण करावा लागतो आणि प्रेक्षक निर्माण करायचा तर खेळणे थांबवावे लागते, ही अडचण संग्रहालयाने न बोलता मान्य केली.

यावर लौकिकतावादी समीक्षक हरकत घेतील. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) दाखवल्याप्रमाणे कलाविचाराला लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे दोन ध्रुव आहेत. मग ‘ईव्ह’ला केवळ दुसऱ्या ध्रुवावरून का तपासावे? विश्वास, लोभ, निष्ठा यांचा जो अनुभव या खेळात येतो त्याचे मूल्य जीवनानुभव म्हणून आहेच, असे ते म्हणतील. ही हरकत रास्त आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. अनुभव लौकिक मानला, तर फसवणूकही लौकिक ठरते आणि मग ‘हा तर खेळ’ या सबबीखाली ठकाला मिळणारे कौतुक नैतिक प्रश्नातून सुटत नाही. उलट सगळे कल्पित मानावे, तर हानीच्या ज्या खरेपणावर खेळाची कीर्ती उभी आहे तोच नाहीसा होतो. खेळाचे चाहते सोयीप्रमाणे या दोन्ही भूमिका घेतात. समीक्षेला तशी मुभा नाही. ग्रोएन यांचा वाचकही येथे पूर्णतः निर्दोष राहत नाही : तो ज्या करुणाचा आस्वाद घेतो त्याचा आलंबनविभाव कुठेतरी खरोखर बसलेला, हिरमुसलेला माणूस आहे.

त्या लढाईतील महायानांचे सांगाडे निर्मात्यांनी बी-आर५आरबीमध्ये स्मारक म्हणून कायमचे ठेवले असून त्याला ग्रीक पुराणातील देव-दैत्यांच्या युद्धाचे, ‘टायटनोमॅकी’चे नाव दिले आहे. पुष्कळ नवागत आपले फुकटचे यान घेऊन ते पाहायला निघतात. प्रदेश पोलीसदलाच्या कक्षेबाहेरचा आहे. वाटेतल्या एखाद्या दारापाशी कोणी टपून बसलेला नसला, तर ते तेथे पोचतात, इंजिन बंद करतात आणि कोष्टकाकडे न पाहता बराच वेळ थांबतात.