'मॅश' : अंतिम पर्वातील हास्य आणि करुण

रिचर्ड हूकर ह्यांची १९६८ ची कादंबरी व तिच्यावरून रॉबर्ट ऑल्टमन ह्यांनी काढलेला १९७० चा चित्रपट ह्यांतून 'मॅश' ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका उद्भवली. कोरियातील युद्ध १९५० ते १९५३ असे तीन वर्षे चालले. त्यातील एका फिरत्या लष्करी रुग्णालयाची ही कथा मात्र १९७२ पासून १९८३ पर्यंत अकरा पर्वे चालली. २८ फेब्रुवारी १९८३ रोजी प्रक्षेपित झालेला तिचा अखेरचा भाग दहा कोटींहून अधिक अमेरिकनांनी पाहिला. परंतु ह्या लोकप्रियतेने एका मूलभूत प्रश्नाचा निर्णय होत नाही. विनोदी म्हणून जन्मास आलेल्या ह्या कृतीने अखेरीस विनोदाचा त्याग केला, असे मानावयाचे काय?

उत्तरकालीन संस्कृत रसविचारात हास्य व करुण हे परस्परविरोधी मानले गेले. 'मॅश'च्या रचनेतही आरंभापासून असा एक पडदा होता. तत्कालीन प्रथेप्रमाणे संवादांमागे ध्वनिमुद्रित हशा घातला जाई. शस्त्रक्रियागृहातील प्रसंगांत मात्र तो नसे. १९७५ साली तिसऱ्या पर्वाच्या शेवटी कर्नल हेन्री ब्लेक ह्यांच्या मृत्यूची वार्ता येते, ती ह्याच दालनात. आणि ती ऐकूनही शल्यवैद्यांचे हात थांबत नाहीत. अखेरच्या भागात तो हशा कोठेच ऐकू येत नाही.

ह्या भागाच्या आरंभी नायक हॉकाय मनोरुग्णालयात आहे. शत्रूच्या गस्तीपासून लपलेल्या एका बसमध्ये, कोंबडीचा आवाज बंद करण्यास आपण एका स्त्रीस सांगितले व तिने ती गुदमरवून मारली, असे त्याला स्मरते. मानसोपचारतज्ज्ञ सिडनी फ्रीडमन ह्यांच्या साहाय्याने सत्य उघडकीस येते. ती कोंबडी नव्हती. ते तिचे तान्हे मूल होते. येथेच अंतिम पर्वाचे मर्म सापडते. असह्य वस्तूच्या जागी हलकी वस्तू ठेवणे ही विनोदाचीच रीत होय. अकरा पर्वे ज्या रीतीने हॉकायला शस्त्र धरण्याचे बळ दिले, तीच आता त्याची व्याधी झाली आहे. विंचेस्टरच्या उपकथेतही हेच घडते. चिनी युद्धकैद्यांना त्याने मोझार्टची रचना शिकविली. ते मारले गेल्यावर संगीत हा त्याचा आश्रय उरत नाही. सारांश, विनोदाचा येथे त्याग झालेला नसून त्याचे मोल तपासले गेले आहे.

ह्या पर्वात दोष नाहीत असे नाही. उत्तरार्धातील पर्वांत उपदेशाचा सूर वाढला, आणि हॉकायच्या भाषणांपुढे इतर पात्रे फिकी पडली. त्याहून गंभीर आक्षेप असा की, त्या कोरियन मातेला नावही नाही. मूल तिचे गेले. कथा मात्र वैद्याच्या अपराधभावनेची झाली. लष्करातून सुटका व्हावी म्हणून वर्षानुवर्षे स्त्रीवेष घेणारा क्लिंगर सून-ली हिच्याशी विवाह करून, तिच्या आप्तांच्या शोधार्थ कोरियातच राहतो. ह्या योजनेने त्या उणिवेची अंशतः भरपाई होते.

मालिकेचे आकर्षण टिकून राहिले त्याचे कारण ह्या तपासणीच्या प्रामाणिकपणात शोधावयास हवे. पूर्वीचा सोबती ट्रॅपर निरोप न घेता गेला होता, बी. जे. हाही 'निरोप' हा शब्द उच्चारण्यास तयार नसतो. अखेर तो शब्द त्याने जमिनीवर दगडांनी रचलेला हॉकायला हेलिकॉप्टरमधून दिसतो. आणि सुटकेसाठी सर्वांत अधिक धडपडलेला क्लिंगरच मागे राहतो, ही घटना मूलतः विनोदाचीच आहे. एवढेच की, तिच्यावर हसावे कोठे हे सांगणारा हशा आता पाठीशी नाही. तो निर्णय प्रेक्षकाने स्वतः करावयाचा आहे.