नाटककाराचे कच्चे कागद

नाशिकच्या टिळकवाडीत कुसुमाग्रजांचे, म्हणजेच नाटककार वि. वा. शिरवाडकरांचे घर जपून ठेवलेले आहे. आमच्या उर्दू शाळेच्या सातवीच्या मुलींना घेऊन मी तेथे गेले होते. मुलींनी खोली पाहिली, वस्तू पाहिल्या, आदराने ओढणी सावरून उभ्या राहिल्या. बाहेर पडताना एकीने विचारले, "मिस, इनका कच्चा कहाँ है?" निबंध आधी कच्चा लिहायचा आणि मग पक्का, असे मीच त्यांना शिकवलेले. एवढ्या मोठ्या लेखकानेही आधी कच्चे लिहिले असणार, हे तिने गृहीत धरले होते. समीक्षेची पुस्तके वाचूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

शिरवाडकरांचा जन्म १९१२ चा, निधन १९९९ चे. त्यांचा २७ फेब्रुवारी हा जन्मदिवस आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. नाशिककर त्यांना आजही तात्यासाहेब म्हणतात. या प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही. पण लेखकाचा चष्मा आणि लेखकाचा कागद यांत फरक आहे. चष्मा पाहून आपण नमस्कार करतो, कागद मात्र वाचावा लागतो. कवीचा कागद बहुधा एकट्याचा असतो. नाटककाराच्या कागदावर अनेकांचे हात फिरलेले असतात, म्हणून तो अधिक काळजीने वाचावा लागतो.

'नटसम्राट'चे उदाहरण घेऊ. २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदु असोसिएशनने या नाटकाचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. अशा नाटकाच्या निदान चार प्रती संभवतात. पहिली लेखकाच्या हस्ताक्षरातली. दुसरी तालमीची, जिच्यात दिग्दर्शकाने काटछाट केलेली असते आणि समासात नटांच्या हालचाली लिहिलेल्या असतात. तिसरी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी गेलेली. चौथी छापलेले पुस्तक. आपण समीक्षक फक्त चौथी प्रत वाचतो आणि निर्णय मात्र चारही प्रतींवर देतो. अमुक वाक्य लेखकाचे मोठेपण दाखवते, असे लिहिताना ते वाक्य कागदावर आधी होते की तालमीत घडले, हे आपण विचारतही नाही.

मी शिक्षिका आहे, म्हणून मला टाचणवहीची उपमा सुचते. टाचणात पाठ एक असतो, वर्गात होतो तो दुसराच. टाचणावर मुख्याध्यापकांची सही असते, म्हणून तोच खरा पाठ होत नाही. पण टाचण फेकून दिले, तर वर्गात काय बदलले आणि का बदलले, हे कधीच कळणार नाही.

'नटसम्राट'मागे शेक्सपिअरचा 'किंग लिअर' आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. नानासाहेब फाटकांना लिअर करायचा होता आणि त्यांनी शिरवाडकरांकडे भाषांतर मागितले होते. हातात आले ते स्वतंत्र नाटक. लिअरला तीन मुली, त्यांतली धाकटी खरी प्रेमळ. अप्पांना एक मुलगा, एक मुलगी, आणि कॉर्डेलियासारखे तिसरे अपत्य नाहीच. लिअरच्या नाटकात राणी नाही, इथे मात्र कावेरी आहे. माझ्या मते नाटकाचा सारा तोल या एका बाईवर उभा आहे. लिअर एकटा कोसळतो. अप्पांच्या पडझडीला घरातलीच एक साक्षीदार आहे, आणि ती गेल्यावरच ते खऱ्या अर्थाने बेघर होतात. मग आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा राजा, रक्ताच्या नात्यातला कुणी नव्हे. आता प्रश्न असा की, कावेरी लेखकाला पहिल्या दिवसापासून दिसली होती की मागाहून आली? धाकटी मुलगी कुठल्या टप्प्यावर गळली? छापील पुस्तक याचे उत्तर देत नाही. ते फक्त कच्चे कागद देऊ शकतात.

खुद्द शेक्सपिअरच्या बाबतीत ही संधी जगाने गमावली आहे. त्याच्या हाताचे 'लिअर'चे एक पानही उरलेले नाही. १६०८ ची छापील प्रत आणि १६२३ ची छापील प्रत यांत मोठा फरक आहे. पहिलीतल्या सुमारे ३०० ओळी दुसरीत नाहीत, दुसरीतल्या सुमारे १०० पहिलीत नाहीत. त्या कुणी गाळल्या, लेखकाने की नाटक मंडळीने, यावर विद्वान आजही वाद घालतात.

आपल्या उर्दूकडे वळले तर दुःख आणखी जवळचे आहे. आगा हश्र काश्मिरी (१८७९-१९३५) यांनीही याच 'लिअर'वरून 'सफेद खून' लिहिले. रक्ताची माया आटली की आपल्या घरांत आजही "खून सफेद हो गया" म्हणतात. त्या एका बोलीतून हश्रनी सारे नाटक पकडले, आणि शेवट मात्र गोड केला. हा गोड शेवट त्यांना स्वतःला हवा होता की तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांसाठी कंपनीला? पारशी रंगभूमीवर लेखक हा कंपनीचा पगारी मुन्शी असे आणि संहिता कंपनीची मालमत्ता. प्रतिस्पर्ध्याने पळवू नये म्हणून ती कुलपात राही. बाजारात येत त्या नटांच्या आठवणीवरून जुळवलेल्या चोरट्या आवृत्त्या. ज्याला लोकांनी हिंदुस्थानचा शेक्सपिअर म्हटले, त्याचे मन वाचायला आपल्याकडे असे विश्वासाचे कागद फार थोडे. मग समीक्षक "मेलोड्रामा" म्हणून एका शब्दात त्याची वासलात लावतात.

कागद जपले की काय होते, याचेही उदाहरण मराठीत आहे. १९७२ साली तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर परिनिरीक्षण मंडळाने कात्री चालवली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग न्यायालयात गेले आणि जिंकले. पुढे त्यांनी 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक लिहिले. आज त्या लढ्याची गोष्ट आपण निव्वळ ऐकीव आठवणींवर सांगत नाही. नाटककाराचे व्यावसायिक कागद म्हणजे करार, हिशेब, मंडळाची पत्रे. ते रुक्ष वाटतात, पण नाटक कोणत्या दडपणाखाली उभे राहिले हे तेच सांगतात.

खासगी कागदांचा प्रश्न वेगळा आहे. पत्रे, रोजनिशी, घरातले रुसवेफुगवे हाती लागले की समीक्षक नाटक सोडून लेखकाच्या संसारात शिरतो. अप्पा म्हणजे शिरवाडकर, अमुक पात्र म्हणजे अमुक नातेवाईक, अशी समीकरणे मांडणे सोपे असते. ते वाचन नव्हे, डोकावणे आहे. पत्र लिहिणाऱ्याइतकाच ते ज्याला लिहिले त्याचाही त्यावर हक्क असतो. म्हणून असे कागद नीट नोंद करून, काही वर्षे बंद ठेवूनही जपता येतात. बंद ठेवलेला कागद पुढे उघडता येतो, जाळलेला येत नाही.

आता आपल्याविषयी. माझे नाना मालेगावात लूमवर काम करीत आणि मोहल्ल्यातल्या पोरांसाठी लहान लहान नाटके लिहीत. उर्दू लिपीत, पण संवादांत मराठीही मुबलक, कारण बाजार आणि कचेरी मराठीत होती. त्यांच्या इंतकालानंतर घराला रंग द्यायचा होता. वह्यांचा गठ्ठा रद्दीत गेला. अम्मी आजही म्हणते, "किसको मालूम था?" मी कुणाला दोष देणार? लिहिणाऱ्याचे नाव झाले तरच त्याचा कागद कागद, नाहीतर रद्दी, हे आपल्याला शिकवूनच ठेवले आहे.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्या काळची पत्रे, भाषणांचे खर्डे, वर्गणीच्या पावत्या, न छापलेल्या एकांकिका अजूनही कुणाच्या तरी घरी, ट्रंकेत, माळ्यावर असतील. मुसलमान मराठीत काय लिहितात, असा प्रश्न आपल्याला वारंवार विचारला जातो, आणि आपण रागावून उत्तर देतो. त्या रागापेक्षा एक नीट लावलेली फाइल अधिक बोलेल.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. घरात कुणी लिहिणारे होते, तर त्यांच्या वह्यांवर नाव, गाव आणि साल घाला. उर्दू लिपीतली पाने वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका. वाचून देणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षिका गावोगाव आहेत. आणि जागा नसेल तर एखाद्या ग्रंथालयाला द्या. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे; कागद टिकवण्याची रीत या शहराला नवी नाही.

त्या मुलीला मी अजून पुरते उत्तर दिलेले नाही. पण कच्च्या निबंधाची पाने फाडून टाकायची नाहीत, पक्क्याच्या मागे टाचून ठेवायची, एवढे मात्र मी तेव्हापासून वर्गात सांगू लागले आहे.