रंगातून दिसणारा रंग

यान व्हान आयकने १४३४ साली रंगवलेले आर्नोल्फिनी दाम्पत्याचे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्या चित्रातल्या आरशाविषयी, कुत्र्याविषयी, भर दिवसा जळणाऱ्या एकुलत्या मेणबत्तीविषयी रसिक भरभरून बोलतात. माझे मन मात्र बाईच्या हिरव्या पोशाखात गुंतते. चित्राचा प्राण मला तिथे वाटतो.

तो हिरवा एका हाताचा नाही. खाली दाट, अपारदर्शक हिरवा. त्यावर तांब्यापासून केलेल्या पारदर्शक हिरव्याचा पातळ लेप. प्रकाश वरच्या थरातून आत शिरतो, खालच्या रंगावर आपटतो आणि तोच थर पुन्हा ओलांडून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणून त्या घड्यांत नजर बुडते. रंग नुसता फासून ही खोली येत नाही.

हे कळल्यावर मी उत्साहाने आईचे चित्र करायला घेतले. अंगावर तिचे हिरवे लुगडे. पातळ लेप हवा म्हणून रंगात टर्पेंटाइन ओतत गेलो. सुकल्यावर काय झकास दिसले! महिन्याने धूळ पुसायला गेलो, तर फडक्यावर हिरवी भुकटी. आई म्हणाली, “अरे, लुगडं धुतलंस की काय?”

चूक साधी होती. टर्पेंटाइन उडून जाते. रंगाचा कण धरून ठेवते ते जवसाचे तेल. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच जवसाचे. हे तेल उडत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन त्याची घट्ट साय बनते. तेव्हा खालचा थर कमी तेलाचा ठेवावा, वरच्यात तेल थोडे अधिक असावे. मी आता शिजवून दाट केलेल्या तेलाचा एक भाग आणि टर्पेंटाइनचे दोन भाग घेतो, आणि त्या मिश्रणाचे चार-दोन थेंबच रंगात घालतो. खालचा थर पुरता सुकल्यावर लेप पसरायचा आणि जास्तीचा मऊ फडक्याने टिपून घ्यायचा. तेलाची चैन केली तर पृष्ठभाग सुरकुततो, पिवळा पडतो.

त्या फडक्याला मात्र जपावे, विशेषतः घरभर पणत्या असताना. तेल वाळताना उष्णता सुटते. चुरगाळून कोपऱ्यात टाकलेला तेलकट बोळा पणतीवाचूनही पेटू शकतो. तो उलगडून बाहेर वाळत घालावा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावा. खिडक्याही उघड्या हव्यात. टर्पेंटाइनच्या वाफेने डोके चढते.

सर जोशुआ रेनॉल्ड्सविषयी (१७२३–१७९२) मी थोडा कठोर आहे. जुन्या उस्तादांची खोली त्यालाही हवी होती. तिच्यासाठी त्याने मेण, राळ, डांबर, काय काय वापरून पाहिले! कित्येक चित्रांना भेगा गेल्या; लेपातला नाजूक किरमिजी उडून त्याच्या हयातीतच चेहरे पांढुरके पडले. त्याची जिद्द मला मोठी वाटते, तरी ज्यांनी पैसे मोजून आपले मुख त्याच्या हवाली केले त्यांचा विचार मनातून जात नाही. आईने तर मला फुकटच तासन्‌तास बैठक दिली होती.

ते चित्र मी दुरुस्त केले नाही. लुगड्याचा खालचा दाट हिरवा तेवढा शाबूत आहे. पाहुणे आले की आई अजून सांगते, “हा एका धुण्यातच विटला हो!”