परफॉर्मरचा रकाना

लेड झेपेलिनचे नऊही अल्बम, १९६९च्या पहिल्यापासून १९८२च्या 'कोडा'पर्यंत, या पावसाळ्यात नारायणगावच्या घरी क्रमानं ऐकले. सगळे लॉसलेस: फ्लॅक फाइल्स, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. एमपी३ फाइल लहान करताना कानाला जाणवणार नाहीत असे मानलेले तपशील टाकून देते. फ्लॅक झिपसारखं, उघडलं की एकूण एक बिट परत. सॉफ्टवेअरवर पोट असल्यानं मला या हमीचं अप्रूप आहे. तरी ३२० केबीपीएसच्या एमपी३पेक्षा ही फाइल डोळे मिटून वेगळी ओळखता येते, असा दावा मी करणार नाही. 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'मधली जॉन बॉनमच्या ड्रम-पेडलची कुरकुर दोन्हींत ऐकू येते. लॉसलेसच्या निमित्तानं ऐकताना दुसरं काही करायचं नाही असं ठरवलं, हाच काय तो फायदा.

आणि त्यामुळेच मुंबईपाशी अडकलो. १९७२ साली जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईत स्थानिक वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं, 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत. 'फोर स्टिक्स' इथं 'फोर हँड्स' झालंय. ते मला जरा तालमीसारखं वाटतं. बॉनमनं दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून आणलेला दणका त्यात नाही, आणि त्याची जागा अजून कुणी घेतलेली नाही. 'फ्रेंड्स' मात्र मूळ गाण्यापेक्षा सरस. १९७०च्या अल्बमवर जॉन पॉल जोन्सनं लावलेली व्हायोलिनं पूर्वेकडे डोळा ठेवून होती. मुंबईत त्यांना तबला मिळाला आणि गाणं घरी आल्यासारखं बसलं. हे कुणाच्या हातांचं काम?

यादीत दोनच शब्द आहेत: 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'.

आमच्याकडे तरी वेगळं काय आहे म्हणा. जत्रांच्या हंगामाआधी नारायणगावच्या राहुट्यांमध्ये तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात. जुन्नर-आंबेगावच्या गावांतली मंडळी येतात, फड मालकाच्या नावानं विचारतात. ढोलकी कुणाची, हे क्वचितच कुणी विचारतं, आणि रात्री बारीला माना डोलतात त्या मात्र ढोलकीवरच.

फ्लॅक फाइलमध्ये कलाकारांची नावं लिहायला 'परफॉर्मर' नावाचा रकाना करता येतो. त्यात कितीही नावं मावतात. माझ्याकडच्या या दोन फाइल्समध्ये तो रिकामा आहे.