नाबोथचा मळा आणि ‘शेतकऱ्याचा असूड’

थेरगावातील घरांच्या पत्त्यांत आजही ‘सर्व्हे नंबर’ लिहिला जातो. जेथे एके काळी शेते होती तेथे आता सोसायट्या उभ्या आहेत. पीक गेले, बांध गेले, शेताचा आकडा तेवढा उरला. हा आकडा आला कोठून, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. तो इंग्रजी अमदानीतील जमीन-मोजणीतून आला, आणि त्या मोजणीने येथील माणसाचे जमिनीशी, सावकाराशी व सरकारशी असलेले नातेच पालटून टाकले. या पालटाचे मराठीतील अत्यंत सडेतोड चित्र महात्मा जोतीराव फुले यांच्या १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात आहे. त्याच्या प्रस्तावनेतील काव्यपंक्ती शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पुढचा ग्रंथ मात्र फार थोडे वाचतात. तो आपण का वाचावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. पेशवाईत सारा नव्हता किंवा जुलूम नव्हता, असे नव्हे. परंतु १८३६ साली इंदापूर तालुक्यात विंगेट व गोल्डस्मिड यांची मोजणीची पद्धत लागू झाली आणि पुढे ती दख्खनभर पसरली. ३० वर्षांसाठी ठरलेला सारा रोख भरावयाचा, पाऊस पडो वा न पडो. जमीन ही विकता येणारी, गहाण पडणारी वस्तू झाली आणि सावकाराच्या कर्जरोख्यामागे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा उभा राहिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे आपल्याकडील कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि नेमक्या त्याच सुमारास वाढीव आकारणी आली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, ते प्रामुख्याने सावकारांचे रोखे जाळण्यासाठी. हा वणवा नगर जिल्ह्यातही पोहोचला. आपले वैर कागदाशी आहे, हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखले होते.

जोतीरावांचा ग्रंथ या राखेतून उठला आहे. तो त्यांनी पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखविला होता. म्हणून त्याची भाषा कानाने ऐकावयाची आहे. वाक्ये लांबच लांब, दम लागेपर्यंत धावणारी. मध्येच शिवी, मध्येच उपहास, मध्येच हिशेब. कलेक्टरकडे मुदत मागून विन्मुख परतणारा शेतकरी वाटेत स्वतःशीच बोलत राहतो, तो प्रसंग कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा असा आहे. त्याचे घर, गोठा, चूल यांचे वर्णन करताना लेखणी कोठेही लाजत नाही वा कीव भाकत नाही. सारा, जकात, पाटबंधाऱ्याची पाणीपट्टी, जंगलखात्याचे निर्बंध, विलायती यंत्रांच्या मालाने बुडालेले कारागीर, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार, या साऱ्यांचा भार एकाच पाठीवर कसा येतो, हे येथे दिसते. जोतीरावांनी स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली होती. सरकारी खात्याचा आतला व्यवहार त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

दादाभाई नौरोजींनी विचारले, या देशातून किती संपत्ती बाहेर जाते? तो प्रश्न थोर आहे. जोतीरावांनी विचारले, ती कोणाच्या हातून जाते, आणि ती काढून घेणारा हात कोणाचा? त्यांचे उत्तर असे की, परके सरकार दूर बसते. गावात येतो तो कारकून, कुळकर्णी, सावकार, भट. जुन्या उतरंडीला नव्या राज्याने मोडले नाही, तिच्या हाती दप्तर दिले. साम्राज्याच्या अर्थकारणाइतकेच त्याचे समाजकारण पाहणारी ही दृष्टी त्या काळी दुर्मिळ होती.

येथे बायबल वाचणाऱ्यास राजे या ग्रंथातील नाबोथ आठवल्यावाचून राहत नाही. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर उठविली. पण खोटे साक्षीदार उभे करून नाबोथला दगडमार करविला तो त्याच्याच नगरातील वडीलधाऱ्यांनी. मोहर एकाची, हात दुसऱ्यांचे. संदेष्टा एलिया मात्र जाब विचारावयास थेट राजाकडे जातो.

जोतीरावांचे बळ आणि त्यांची उणीव, दोन्ही या कथेच्या उजेडात स्पष्ट होतात. नगरातील वडीलधारे त्यांना इतके लख्ख दिसले की, मोहर लावणाऱ्याचा अपराध अधूनमधून सौम्य होतो. गोरे अधिकारी ऐषआरामी व गाफील आहेत, ते जागे झाले तर न्याय करतील, ही आशा ग्रंथभर तेवत राहते. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या, बंद दारे उघडताना पाहिलेल्या माणसाची ती कृतज्ञता समजण्यासारखी आहे. पण साऱ्याचा बोजा हा गाफीलपणाचा परिणाम नव्हता. तो राज्यकारभाराचा पायाच होता. दुसरी उणीव आपल्या अधिक जवळची. या ग्रंथाचा नायक कुणबी, माळी, धनगर आहे. ज्यांच्या नावावर शेतच नव्हते, जे दुसऱ्याच्या बांधावर राबले, ते त्याच्या कडेला उभे आहेत. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे त्यांतलेच होते. त्यांचा असूड अजून पुरता लिहिला गेलेला नाही.

‘दीनबंधू’ने या ग्रंथाचे पहिले दोन भाग छापले आणि पुढे थांबविले. त्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीच पुढे गिरणी कामगारांचा लढा उभारला व १८९० मध्ये त्यांना रविवारची सुटी मिळवून दिली. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक कामगारांच्या हक्कांविषयी बोलले. ‘असूड’ त्याआधी आठ वर्षे लिहिला गेला होता, हे आपण अभिमानाने व थोड्या संकोचानेही लक्षात ठेवावे.

इंग्रज गेले, कागद राहिला. १८९४ च्या ज्या भूसंपादन कायद्याविरुद्ध येथून पश्चिमेला मुळशीत १९२१ साली सत्याग्रह झाला, तो स्वतंत्र भारतात २०१३ च्या अखेरपर्यंत चालू होता. मोहर बदलली, हातही बदलले असतील. आज आपण ज्या घरात राहतो त्याच्या पत्त्यातील आकड्याखाली कोणाचे तरी शेत आहे. ते रीतसर विकले गेले असेल, रीतसर संपादिले गेले असेल. नाबोथचा मळाही कागदोपत्री रीतसरच घेतला गेला होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ मिटल्यावर मनात राहतो तो हा प्रश्न, आणि तो केवळ इंग्रजांना विचारलेला नाही.