मंडणगड आणि 'मंदगोर': एका स्थाननिश्चयाचें परीक्षण

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सावित्रीच्या खाडीच्या दक्षिणेस, मंडणगडचा दोन शिखरांचा डोंगर उभा आहे. १८८० सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत या गडाच्या नांवाचा संबंध 'पेरिप्लस' ग्रंथांतील मंदगोर व टॉलेमीच्या मंदगर या नांवांशीं जोडलेला आहे. तेथें जें सुचविलें होतें तें पुढें सिद्धान्त म्हणून सांगितलें जाऊं लागलें. सबब त्याचा परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

पेरिप्लसकार लिहितो तें गलबतानें फिरणाऱ्या व्यापाऱ्यासाठीं. त्याच्या यादींत सेमुल्ल, म्हणजे आपलें चौल, त्यानंतर मंदगोर, मग पलैपत्मै, अशीं बंदरें ओळीनें येतात. मंडणगड हें बंदर नव्हे. त्यास खाडीवरील गांव म्हाप्रळ, आणि खाडीच्या मुखाशीं बाणकोट. शॉफ यानें १९१२ च्या भाषांतरांत बाणकोटच सुचविलें. तें निदान पाण्यावर तरी आहे!

परंतु खरी अडचण शब्दाची आहे. 'गोर' म्हणजे 'गड' असें धरिलें, तर त्याच यादींतील मेलिझिगर हाही गडच मानावा लागेल. शिवाय इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोंकणांत 'गड' हा शब्द दुर्गवाचक होता यास आधार कोणता? अमरसिंह राज्यांगें सांगतांना 'दुर्ग' म्हणतो. आणखी एक विसंगति अशी कीं, मंडणगड शिवाजीमहाराजांनीं, पारकोट हबशानें व जांबा आदिलशहानें बांधला, ही दंतकथाही गॅझेटियरांतच आहे. ती खरी मानल्यास 'गड' हें पद सतराव्या शतकाचें ठरतें. मग यवन नाविकानें तें ऐकिलें कसें?

राहिलें 'मंद'. त्यासाठीं इतकें दक्षिणेस येण्याचें कारण नाहीं. राजपुरीच्या खाडीवर मांदाड गांव आहे, व शेजारच्या कुडें येथील लेण्यांत महाभोज मांदव खंदपालित हें नांव कोरलेलें आहे. मांदाड हेंच मंदगोर असा आमचा आग्रह नाहीं; पण त्या पक्षाच्या पाठीशीं शिळेवरचीं अक्षरें आहेत, मंडणगडाच्या पाठीशीं केवळ उच्चारसाम्य.

हा किल्ला १८१८ सालीं इंग्रजांकडे गेला. त्यापूर्वींचे महजर, इनामपत्रें, खोतीचे कागद म्हाप्रळ, वेळास, बाणकोट या बाजूच्या घराण्यांच्या दप्तरांत असण्याचा संभव आहे. त्यांत या डोंगराचा उल्लेख 'गड' या पदावांचून आढळल्यास संग्राहकांनीं मूळ मोडी नक्कल, तिथि व शिक्का यांसह मंडळाकडे धाडावी.