विशेषणांची पारख

स्पॅनिश भाषेंत ‘पोब्रे ओम्ब्रे’ म्हणजे बापडा माणूस. तेंच विशेषण नामानंतर आलें, कीं अर्थ होतो निर्धन माणूस. अशा चोखंदळ भाषेंत सर्व्हांटिसनें आपल्या नायकास कोणतें विशेषण दिलें? १६०५ च्या ग्रंथनामांत ‘लोको’ म्हणजे वेडा नव्हे, तर ‘इन्हेनिओसो’ म्हणजे कल्पक बुद्धीचा. १६१५ च्या उत्तरार्धाच्या नांवांत ‘इदाल्गो’ जाऊन ‘काबाय्येरो’ आला. विशेषण मात्र अढळ राहिलें. अखेर मृत्युशय्येवर नायक डॉन क्विक्झोट हें नांवच टाकतो, आणि स्वतःच्या आचरणानें मिळविलेली ‘बुएनो’, म्हणजे सज्जन, ही एकच उपाधि जवळ ठेवतो. आपण वाचक मात्र त्यास वेडापीर ठरवून मोकळे होतों! मनुष्याचें विशेषण शेवटचें पान वाचल्यावांचून ठरवूं नये.